अकरा ठिपके, अकरा ओळी: प्राथमिकच्या मुलांना बिंदू मांडायला कसं शिकवावं

पाचवीच्या वर्गाला पहिल्यांदा आलेखावर बिंदू मांडायला शिकवलं तेव्हा मी बुद्धिबळाचा पट घेऊन गेले होते. घोडा कुठल्या घरात, हत्ती कुठल्या घरात, मुलं भराभर सांगत होती. तास झकास झाला. दुसऱ्या दिवशी वहीत (३, ५), म्हणजे उजवीकडे तीन आणि वर पाच, मांडायला सांगितलं आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने एका चौकटीच्या पोटात गुबगुबीत टिंब काढलं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कुणाचंच नाही. यात मुलांची काही चूक नव्हती. पटावर मोहरा घरात बसतो, आणि आदल्या दिवशी मी तेच तर शिकवलं होतं.

त्यात भर चौकटीच्या वहीची. पहिलीपासून आपण मुलांना बजावत आलेलो असतो, ‘एका घरात एकच अंक लिहायचा, रेघेवर लिहायचं नाही.’ चार वर्षं ही शिस्त अंगात मुरवायची आणि पाचवीत एके दिवशी सांगायचं, आता घर विसरा, रेघा बघा! मूल गोंधळणारच. म्हणून तेव्हापासून मी बुद्धिबळ, सिनेमाचं तिकीट, कॅलेंडर ही सगळी घरांची उदाहरणं बाजूला ठेवली आणि सुरुवात रांगोळीच्या ठिपक्यांपासून केली. रांगोळीत घर नसतंच. असतो तो ठिपका, आणि आलेखावर आपल्याला हवा असतो तोही ठिपकाच.

राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात निर्देशक भूमितीचा, म्हणजे आकड्यांच्या जोडीने बिंदू मांडण्याचा, धडा रीतसर येतो. अमेरिकेतल्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रमात मात्र पाचवीलाच पहिला चरण, म्हणजे शून्याच्या उजवीकडचा वरचा भाग, आणि सहावीला चारही चरण आहेत. आपल्या चौथी-पाचवीच्या मुलांना हे झेपतं का, असं विचाराल तर शून्य ते दहा मोजता येणं आणि उजवं-डावं कळणं एवढंच त्याला लागतं. सात-आठ तासिका हाताशी ठेवा. घाई केलीत तर नववीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

आधी जमिनीवर

वर्गात किंवा व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर निम्मं काम झालंच आहे. फरशांचे सांधे म्हणजे तयार रेघा. फक्त आधी नीट बघून घ्या, कारण काही ठिकाणी फरशा विटांसारख्या सरकवून बसवलेल्या असतात आणि उभे सांधे सरळ रेषेत येत नाहीत. तसं असेल तर तो व्हरांडा सोडा आणि अंगणात जा. सुतार सूत मारतात तशी चुन्यात बुडवलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. सात आडव्या आणि सात उभ्या रेघा मारल्या की शून्य ते सहा असं जाळं तयार होतं. दोन रेघांमध्ये मुलाचं एक पाऊल बसेल एवढं, म्हणजे साधारण दीड ते दोन फूट अंतर ठेवा.

डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या छेदावर खडूने ० लिहा. तिथून उजवीकडे जाणारी रेघ आणि वर जाणारी रेघ जाड करा. आकडे रेघेच्या टोकाशी लिहायचे, दोन रेघांच्या मधे नाही. हे फार महत्त्वाचं आहे. आकडा दोन रेघांमधल्या जागेत पडला की तो घराचा नंबर होतो, आणि मग सगळी गाडी पुन्हा बुद्धिबळावर जाते.

सगळ्या मुलांना जाळ्याच्या एकाच बाजूला, खालच्या आडव्या रेघेच्या अलीकडे बसवा. पहिल्या वर्षी मी त्यांना गोल बसवलं होतं. समोरच्या मुलांचं ‘उजवीकडे’ नेमकं उलटं पडलं आणि अर्धा तास भांडणात गेला. तुम्हीही मुलांच्याच बाजूला उभं राहा. त्यांच्याकडे तोंड करून ‘उजवीकडे चला’ म्हणालात तर तुमचा हात त्यांच्या डावीकडे जातो.

आता एकाला शून्यावर उभं करा आणि सांगा, ‘उजवीकडे तीन पावलं.’ इथे पहिली ठरलेली चूक होते. मूल जिथे उभं आहे त्याच जागेला ‘एक’ म्हणतं, पुढच्या रेघेवर ‘दोन’, त्यापुढच्या रेघेवर ‘तीन’, आणि थांबतं दोनवर. ओरडू नका. सापशिडीची आठवण करून द्या. फाशावर तीन पडले तर सोंगटी ज्या घरात आहे ते घर आपण मोजतो का? उडी मोजतो. तसंच इथे पाऊल पडलं की एक. उभं राहणं मोजायचं नाही, चालणं मोजायचं. बाकीच्या मुलांनी प्रत्येक पावलाला टाळी वाजवली तर ही चूक दोन-तीन जणांनंतर आपोआप थांबते, कारण पाऊल न टाकता टाळी वाजत नाही.

तीनपाच असतं, पाचतीन नसतं

यानंतर जोडी. कागदाच्या चिठ्ठीवर (३, ५) लिहून दाखवा आणि वाचा, ‘तीन, पाच.’ मागच्या बाकावरून कुणीतरी ‘जास्त तीनपाच करू नको’ असं पुटपुटणारच. मी आता त्या हसण्याची वाटच बघते, कारण त्या विनोदात अख्खा धडा आहे. ‘तीनपाच करू नको’ म्हणतात, ‘पाचतीन करू नको’ असं कुणी म्हणतं का? नाही. तीनच आधी, पाच नंतर. आकडे तेच, पण क्रम बदलला की शब्द मोडतो. बिंदूचंही तसंच. म्हणून याला क्रमित जोडी म्हणतात. हे एकदा ‘तीनपाच’वरून कळलं की ‘क्रमित’ हा जड शब्द मुलांना घाबरवत नाही.

कुठला आकडा आडवा आणि कुठला उभा, हे लक्षात ठेवायला आमच्याकडे माड आहे. नारळ काढायचे तर आधी माडाच्या बुंध्याशी चालत जावं लागतं, मग वर चढायचं. चढून मग चालायला जाल तर? मुलं खो खो हसतात. ‘आधी चाल, मग चढ’ एवढं सूत्र पुरतं. घाटावरच्या शाळेत माड नसेल तर इमारतीचा जिना चालेल. जिन्यापर्यंत चालल्याशिवाय मजला चढता येत नाही.

जाळ्यावर (३, ५) साठी मूल तीन पावलं उजवीकडे जाईल आणि तिथूनच पाच पावलं वर. ‘तिथूनच’ हा शब्द ठासून सांगा. काही मुलं आडव्या रेघेवर तीनपाशी एक खूण करतात, मग शून्यावर परत येऊन उभ्या रेघेवर पाचपाशी दुसरी खूण करतात आणि ‘झालं’ म्हणतात. दोन आकडे म्हणून दोन टिंबं! ही चूक कागदावर सुधारायला फार वेळ लागतो, फरशीवर ती होतच नाही, कारण एक मूल एका वेळी दोन ठिकाणी उभं राहू शकत नाही. कागद-पेन्सिल उशिरा काढायची ती यासाठीच.

लगेच दुसऱ्या मुलाला (५, ३) वर पाठवा. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहिली की वर्गाला प्रश्न विचारा, ‘आकडे तेच आहेत, मग ही दोघं एकत्र का नाहीत?’ उत्तर मुलांनाच शोधू द्या.

(२, २), (४, ४) असे बिंदू सुरुवातीला मुळीच देऊ नका. क्रम उलटा केला तरी उत्तर बरोबरच येतं. तुम्हाला वाटतं मुलाला आलं, आणि त्याला तर काहीच आलेलं नसतं.

एक सावधगिरी. वर्गात आपण ‘दुसऱ्या रांगेतला चौथा’ असं म्हणतो, म्हणजे रांग आधी सांगतो. नकाशातही तसंच: मुंबई साधारण १९ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व, म्हणजे आधी वर किती ते आणि मग बाजूला किती ते. आलेखाच्या अगदी उलट. म्हणून भूगोलातले अक्षांश-रेखांश आणि हा धडा एकाच आठवड्यात शिकवू नये. एखाद्या चुणचुणीत मुलाने स्वतःहून विचारलं तर मोकळेपणाने सांगावं की नकाशाची रीत वेगळी आहे. क्रम कुठला घ्यायचा हे माणसांनी ठरवलं, आभाळातून आलं नाही.

ठिपक्यांचा कागद

दोन-तीन दिवस जमिनीवर खेळून झालं की रांगोळी काढा, खरीखुरी. घरोघरी ठिपके पाडायचा भोकांचा कागद असतो, तो एखादीला आणायला सांगा. दिवाळीत ‘सात ठिपके सात ओळी’ म्हणतात ते मुलांनी ऐकलेलं असतं. आपल्याला हवेत अकरा ठिपके, अकरा ओळी.

अकराच का, दहा का नाही? हा प्रश्न मुलांना विचाराच. शून्य ते दहा मोजायचं तर शून्यालाही ठिपका लागतो. बोटांवर मोजून बघा म्हणावं. पहिल्या टप्प्यातली शून्याला ‘एक’ म्हणायची चूक ज्यांची अजून सुटलेली नसते, ती इथे पकडली जातात. ती ठामपणे दहा ठिपके मांडतात आणि शेवटच्या ठिपक्याला ९ हा आकडा आला की डोकं खाजवत बसतात.

डावीकडचा सगळ्यात खालचा ठिपका शून्य. तिथून मोजत जाऊन (४, ७) च्या ठिपक्यावर हळदीची चिमूट, (७, ४) वर कुंकवाची. मुलींना हे घरचंच वाटतं, आणि मुलगे आधी लाजतात मग भांडून चिमूट मागतात.

त्यानंतर वही. बाजारात मिळणारा आलेख कागद या वयाला देऊ नये. त्यावर एक मिलिमीटरच्या बारीक चौकटी असतात. मुलांची नजर त्यात हरवते आणि पेन्सिलचं टोक चार चौकटी झाकतं. साध्या कोऱ्या कागदावर पट्टीने एक सेंटीमीटर अंतराच्या अकरा आडव्या, अकरा उभ्या रेघा मारून एक नमुना करा आणि त्याच्या झेरॉक्स काढा. खर्च परवडत नसेल तर चौकटीची वही चालते, पण पहिल्या दिवशी मुलांकडून प्रत्येक छेदावर बारीक टिंब मारून घ्या. कंटाळवाणं काम आहे, एकशे एकवीस टिंबं होतात. पण ते केल्यावर चौकट नजरेतून जाते आणि ठिपके उरतात. मला हा एक तास कधी वाया गेलेला वाटला नाही.

आणखी एक सवय मोडावी लागते. वहीत मुलं वरून खाली लिहितात, त्यामुळे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात टाकून खाली उतरत मोजणारी दोन-चार मुलं दरवर्षी निघतात. त्यांना माडाकडे पाठवा. बुंधा खाली असतो.

बिंदू मांडताना पहिले काही दिवस बोट फिरवायला लावा: बोट शून्यावर, आडवं सरकत तीनपर्यंत, मग तिथून वर पाचपर्यंत, आणि तिथे टिंब. टिंबाशेजारी (३, ५) लिहायचं. बिंदूला नाव द्यायचं असेल तर अ, ब, क द्या.

घर उभं की आडवं?

दहा-बारा सुटे बिंदू मांडले की मुलं कंटाळतात. तेव्हा चित्र द्यावं. चित्राचा दुसरा फायदा म्हणजे तपासायला तुम्ही लागत नाही, चित्रच तपासतं. फक्त असं चित्र निवडा जे क्रम उलटा झाला तर लगेच बिघडलेलं दिसेल. चौरस, किंवा तिरक्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच येणारं नक्षीकाम दिलंत तर उलटं काढणाराही बरोबर ठरेल.

माझं आवडतं चित्र कौलारू घराचं आहे. हे बिंदू क्रमाने मांडून पट्टीने जोडायचे: (२, १), (८, १), (८, ५), (९, ५), (५, ९), (१, ५), (२, ५) आणि पुन्हा (२, १). मग दार: (४, १), (४, ४), (६, ४), (६, १). भिंती, बाहेर आलेली वळचण, वर टोकदार छप्पर, सगळं दहाच्या जाळ्यात बसतं.

ज्याने आकडे उलटे घेतले त्याचं घर आडवं होतं. छपराचं टोक उजवीकडे, दार डावीकडे. मी काही बोलत नाही. एकदा एका मुलाने वही फिरवून फिरवून बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, ‘बाई, वादळात पडलं.’ मग त्यानेच शेजारणीचं उभं घर बघितलं, पहिला बिंदू पुन्हा मोजला, आणि खोडरबर मागितलं.

ज्यांचं चित्र पटकन होतं त्यांना उलट काम द्या: स्वतःचं चित्र काढायचं, त्याचे बिंदू दुसऱ्या कागदावर क्रमाने लिहायचे आणि तो कागद मित्राला द्यायचा. बिंदू वाचून मांडण्यापेक्षा चित्र बघून बिंदू लिहिणं अवघड असतं. दोन्ही दिशांनी जमलं तरच आलं म्हणायचं.

शून्याची भानगड

(०, ४) आणि (४, ०) यांच्यासाठी एक वेगळी तासिका राखून ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘शून्य म्हणजे काही नाही, म्हणून तो आकडा सोडून दिला,’ असं मुलं सांगतात आणि चार पावलं जातात ती मनाला येईल त्या दिशेला. काहींना वाटतं, शून्य आहे म्हणजे बिंदूच नाही.

परत फरशीवर चला. (०, ४): ‘शून्य पावलं चाल.’ मूल जागेवरच थांबतं. ‘आता चार चढ.’ ते उभ्या रेघेवरूनच वर जातं. (४, ०): चार चाललं, आता शून्य चढ. थांबलं, आडव्या रेघेवरच. माडाशी गेला पण चढलाच नाही, नारळ नाही मिळाला! (०, ०) ला तर घरातूनच निघाला नाही. हे तीन बिंदू रोज तास सुरू होताना तोंडी विचारत राहा, आठवडाभर.

फाशांचा खेळ इथे फसतो. लाल फासा आडवा, पांढरा फासा उभा असं ठरवून बिंदू मांडायचा खेळ मुलांना फार आवडतो, पण फाशावर शून्य नसतो. त्यामुळे दोन्ही जाड रेघांवर एकही बिंदू पडत नाही आणि नेमका तोच भाग कच्चा राहतो. त्याऐवजी ० ते ६ लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे दोन डबे ठेवा, एकावर ‘चाल’, दुसऱ्यावर ‘चढ’. दोन गट, दोन रंगांच्या पेन्सिली. ज्या गटाचे चार बिंदू सलग एका ओळीत येतील, आडवे, उभे किंवा तिरके, तो जिंकला. चिठ्ठ्यांऐवजी गटाने स्वतःच बिंदू निवडून बोलायचा असं केलं तर डावपेच येतात. पण बोललेलं मागे घ्यायचं नाही हा नियम कडक ठेवा. (२, ६) म्हणायचं होतं आणि (६, २) म्हणून गेला, की त्याचाच गट त्याला क्रम शिकवतो. तुम्हाला काही करावं लागत नाही.

सायकल आणि रिक्षा

आतापर्यंत बिंदू म्हणजे एक जागा होती. शेवटच्या दोन तासिकांमध्ये दाखवा की बिंदू म्हणजे दोन गोष्टींचा संबंधही असतो. आडव्या रेघेवर वाहनं, उभ्या रेघेवर चाकं. एका सायकलला दोन चाकं: (१, २). मग (२, ४), (३, ६), (४, ८), (५, १०). दुसऱ्या रंगाने रिक्षा: (१, ३), (२, ६), (३, ९). एकही वाहन नसेल तर चाकंही नाहीत, म्हणून (०, ०) दोघांनाही सामाईक.

मुलांना पट्टी ठेवून बघू द्या. दोन्हींचे बिंदू सरळ ओळीत येतात, पण रिक्षाची ओळ जास्त चढी आहे. का? चौथीतलं मूलही सांगतं, ‘तिला चाकं जास्त.’ मग विचारा, सहा चाकं कुठे कुठे दिसतात? (३, ६) ला आणि (२, ६) ला: तीन सायकली किंवा दोन रिक्षा. या टिंबांना रेघेने जोडायचं का, यावर वर्गात वाद होऊ द्या. अर्धी सायकल नसते, म्हणून मी जोडत नाही. मोड आलेल्या मुगाची उंची रोज मोजून मांडली तर मात्र जोडते, कारण रोप रात्रीही वाढत असतं.

नावं केव्हा सांगायची

एक्स-अक्ष, वाय-अक्ष, आरंभबिंदू (म्हणजे आपलं शून्य), निर्देशक (म्हणजे जोडीतले दोन आकडे) हे शब्द मी घराचं चित्र झाल्यावर सांगते, आधी नाही. तोवर ‘आडवी जाड रेघ’ आणि ‘उभी जाड रेघ’ पुरते. रेने देकार्त या फ्रेंच विचारवंताने १६३७ साली भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घातली, त्याच्या नावावरून या पद्धतीला कार्तेशियन म्हणतात, एवढं सांगावं. छतावर फिरणारी माशी बघून त्याला ही कल्पना सुचली ही गोष्ट मुलांना आवडते. ती दंतकथा आहे, तिला पुरावा नाही. सांगायची तर तसं म्हणून सांगा.

तपासणीसाठी लेखी परीक्षा नको. प्रत्येकाला जवळ बोलावून पाच गोष्टी करून घ्या: (२, ७) मांड, (७, २) मांड, (०, ५) मांड, मी काढलेल्या टिंबाचे निर्देशक सांग, आणि (२, ३) पासून (७, ३) पर्यंत किती पावलं ते सांग. पाचव्याला मूल ‘सहा’ म्हणालं तर ते अजून ठिपके मोजतंय, पावलं नाही. त्याला सापशिडी घेऊन बसवा.

आणि कुणीतरी शून्यावर उभं राहून मागे एक पाऊल टाकणारच, ‘बाई, आता मी कुठे आहे?’ ‘ते नंतर शिकायचंय’ म्हणून त्याला गप्प करू नका. शून्याच्या डावीकडेही आकडे असतात, थंडीत तापमान शून्याच्या खाली जातं तसे, आणि सहावीत पूर्णांक संख्या आल्या की ते भेटतील, एवढं सांगा. त्या दिवसासाठी जागा मात्र आधीपासून ठेवा. शून्य भिंतीच्या कोपऱ्याला चिकटवून काढू नका. त्याच्या डावीकडे आणि खाली दोन-दोन फरशा मोकळ्या सोडा.